मुंबईच्या रस्त्यांसाठी बाईकचं सस्पेन्शन कसं लावावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत दुचाकीवाल्याच्या वाट्याला गुळगुळीत रस्ते फारसे येत नाहीत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, जे.जे. उड्डाणपूल, सगळीकडे आपल्याला बंदी. उरतात एलबीएस मार्ग, घोडबंदर रोड, सायन-पनवेल, पेव्हर ब्लॉक उचकटलेल्या गल्ल्या आणि अर्धे काँक्रीट, अर्धे डांबर असलेले रस्ते. रोज कांदिवलीहून अंधेरीला जाणाऱ्या माणसाला नीट लावलेल्या सस्पेन्शनची जितकी गरज आहे, तितकी ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यालाही नसेल. यातलं बरंचसं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पैसा खर्च न करता होतं.

गाडी आदळते म्हणून मागचे शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर ठेवलेत. बरोबर आहे ना?

एकटेच चालवत असाल तर बहुधा चूक आहे. मुंबईतल्या गॅरेजांमध्ये सर्रास दिला जाणारा हा सल्ला आहे आणि त्यानेच गाड्यांची पकड जाते.

चाकाला दोन्हीकडे हलायला जागा हवी. उंचवटा आला की वर जायला आणि खड्डा आला की खाली उतरायला. तुम्ही बसल्यावर शॉकअप थोडा दबतो, ती खाली उतरायची जागा असते. सगळ्यात वरच्या खाचेवर हलका माणूस बसला तर शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेलाच राहतो. मग खड्ड्याच्या काठावर चाक खाली उतरूच शकत नाही आणि टायर क्षणभर हवेत राहतो. नेमक्या त्याच क्षणी तुम्ही मागचा ब्रेक दाबला, तर चाक लॉक होऊन गाडी घसरते. एबीएस नसलेल्या गाडीवर, ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

पण खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते ना?

नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि वेढ्यांच्या व्यासावर ठरतो. खाच फिरवून यातलं काहीच बदलत नाही. खाच म्हणजे प्रीलोड. स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवायचं, म्हणजे तुमच्या वजनाने ती कमी बसते आणि गाडी जरा उंच उभी राहते. पहिल्या हालचालीलाच जास्त जोर लागतो, म्हणून ती कडक वाटते. एकदा हलायला लागली की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला आधीइतकाच जोर लागतो.

तेव्हा प्रीलोडकडे उंची लावायचं साधन म्हणून बघा. गाडी किती बसावी, एवढंच तो ठरवतो.

सुरुवात कुठून करू?

टायरमधल्या हवेपासून. पंपावर ‘किती टाकू?’ विचारल्यावर ‘टाका पस्तीस’ म्हणायची सवय आधी सोडा. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे २८ आणि डबलसीट असताना मागे ३२ पीएसआयच्या आसपास हवा लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर असतो. हवा टायर थंड असताना तपासा. दहा पीएसआय जास्त भरलेला टायर असेल तर जगातला सगळ्यात महाग शॉकअपही तुम्हाला गचक्यापासून वाचवणार नाही.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरायला कोणाला तरी मागची सीट दाबायला सांगा आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये येताना खटका लागून हँडल अडकल्यासारखं झालं, तर कोनसेट गेलाय. आता फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन शॉकअप पाईपची, खालची टोकं धरून मागेपुढे ओढा. टकटक जाणवली तरी तेच. मागचं चाक धरून आडवं हलवा. चिमट्यात खेळ असेल तर बुश बदलायला हवेत.

हे केल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही. कोनसेट गेलेल्या गाडीचं सस्पेन्शन कोणीही लावू शकत नाही, आणि ‘शॉकअप गेलेत’ म्हणून गॅरेजला येणाऱ्या पुष्कळ गाड्यांचं खरं दुखणं इथे असतं.

सॅग म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा?

वजन पडल्यावर सस्पेन्शन जितकं बसतं तो सॅग. गाडी स्वतःच्या वजनाने जितकी बसते तो स्टॅटिक सॅग, तुमच्यासकट जितकी बसते तो रायडर सॅग. सगळ्या सेटिंगचा पाया हा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक मेजर टेप, एक प्लास्टिकचा केबल टाय आणि दोन मित्र लागतात. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने रेघ मारा. आता मागचं चाक हवेत घेऊन ॲक्सलपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ६१२ मिमी आलं. मग गाडी चाकांवर सरळ उभी करा. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. समजा ६०० आलं. शेवटी तुम्ही बसा, पण रोज निघता तसेच : हेल्मेट, जॅकेट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, दोन्ही पाय फूटपेगवर. समजा ५७८ आलं. म्हणजे स्टॅटिक सॅग १२ मिमी आणि रायडर सॅग ३४ मिमी.

यात एक बारकावा आहे. सील आणि बुशच्या घर्षणामुळे सस्पेन्शन दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबतं. म्हणून सीट दाबून हळू सोडा आणि मोजा. मग सीट वर उचलून हळू सोडा आणि परत मोजा. दोन्हींची सरासरी धरा. या दोन आकड्यांत फारच फरक पडत असेल, तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, गंजलंय किंवा वाकलंय.

पुढे आणखी सोपं आहे. केबल टाय फोर्कच्या चकचकीत पाईपला घट्ट बांधा, पण सरकेल इतपतच, आणि डस्ट सीलला टेकवून ठेवा. अलगद बसा, अलगद उतरा, पुढचं चाक उचला. टाय आणि सीलमध्ये जे अंतर दिसतं तो तुमचा रायडर सॅग. अपसाइड डाऊन फोर्क (जाड पाईप वर, बारीक खाली) असेल तर टाय खालच्या बारीक पाईपला बांधायचा.

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका असावा. रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० चा पुढचा ट्रॅव्हल १३० मिमी आहे, म्हणजे तिथे ३३ ते ४३ मिमी. हिमालयनला पुढे २०० मिमी ट्रॅव्हल असल्यामुळे तिचा आकडा बराच मोठा येईल आणि ते बरोबरच आहे. मुंबईसाठी मी तिसऱ्या हिश्शाकडे झुकेन, कारण इथे उंचवट्यांपेक्षा खड्डे जास्त.

तो टाय लगेच काढू नका. महिनाभर तसाच राहू द्या आणि अधूनमधून बघा. रोज ट्रॅव्हलच्या अगदी शेवटाला जाऊन बसत असेल तर फोर्क आदळतोय. गायमुख घाटातून ये-जा करूनही शेवटाकडे चांगला तीन बोटं पाईप कोरा राहत असेल, तर विकत घेतलेला ट्रॅव्हल तुम्ही वापरतच नाही आहात, सस्पेन्शन जास्त कडक आहे.

रायडर सॅग जमतो, पण गाडी स्वतःच्या वजनाने बसतच नाही.

म्हणजे तुमच्या वजनाला स्प्रिंग नरम पडतेय. ती भरून काढायला प्रीलोड इतका पिळलाय की रिकामी गाडी पूर्ण ताणून उभी राहते. उलट, रायडर सॅग बरोबर असताना रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग तुम्हाला जास्त कडक आहे. स्प्रिंग बदलायची की नाही, हे इथे कळतं. नुसत्या अंदाजाने स्प्रिंग बदलू नका.

बायको किंवा मित्र मागे बसतो तेव्हा?

तेव्हा मागची खाच वाढवायलाच हवी आणि कडक खाचा खरं तर त्यासाठीच दिलेल्या असतात. मागे माणूस बसला की गाडीची शेपटी खाली जाते, पुढचं टोक हलकं होतं, वळणावर गाडी बाहेर जाते. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ते वेगळंच. एक किंवा दोन खाचा वाढवा, हवा वाढवा आणि परत एकटे निघालात की उतरवा.

दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत. पल्सर, क्लासिक, स्प्लेंडर, कोणतीही गाडी असो. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाड्यांमध्ये एक बाजू दुसरीवर आणि एक चौथीवर असं अनेकदा दिसतं. चिमट्यावर तिरका ताण येतो. आजच खाली जाऊन बघा.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांना वेगळं सांगतो. मागच्या कॅरियरवरची पेटी ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे तिचं वजन पुढच्या चाकावरचा भार कमी करतं. जड सामान शक्य तितकं पुढे, पाठीला टेकून ठेवा आणि सॅग भरलेल्या पेटीसकट मोजा.

रिबाउंड आणि कॉम्प्रेशन यातला फरक कसा ओळखू?

कॉम्प्रेशन म्हणजे सस्पेन्शन दबतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे परत वर येतानाचा. दोन्ही काम तेल करतं. बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल ढकललं जातं, त्याने हालचाल मंदावते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती जिरवण्याचं काम तेलाचं, यालाच डॅम्पिंग म्हणतात.

आधी रिबाउंड लावा. सीटचा मागचा भाग जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली की ठीक. दोन-तीनदा वरखाली झाली तर रिबाउंड कमी आहे. कण्हत-कुंथत वर आली तर जास्त आहे.

चालवताना हे असं कळतं. रिबाउंड कमी असेल तर उड्डाणपुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी डुलत राहते, एक सांधा विरतोय तोवर दुसरा येतो आणि वळणावर गाडी तरंगल्यासारखी वाटते. रिबाउंड जास्त असेल तर गोष्ट फसवी होते. लागोपाठ खडबडीत पेव्हर ब्लॉक आले की प्रत्येक दणक्यानंतर सस्पेन्शन पूर्ण वर यायच्या आत पुढचा दणका बसतो. ते खाली खाली बसत जातं आणि शेवटी दगडासारखं लागतं. चालवणाऱ्याला वाटतं सस्पेन्शन नरम आहे, म्हणून तो आणखी आवळतो आणि गाडी आणखी बिघडते. पहिले दोन दणके ठीक आणि पुढचे असह्य, असं होत असेल तर रिबाउंड सैल करून बघा.

कॉम्प्रेशनबद्दल एक गैरसमज आहे. लो-स्पीड आणि हाय-स्पीड डॅम्पिंगमधला वेग हा गाडीचा नसून शॉकअपच्या दांड्याचा असतो. ताशी २० ने खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आपटलं की दांडा प्रचंड वेगाने हलतो. ताशी ८० ने शांतपणे ब्रेक लावला तर फोर्क हळू दबतो. म्हणून ‘मी हळूच चालवतो, मला हाय-स्पीडचं काय’ हा हिशेब चुकीचा आहे. मुंबईच्या कामाचं हाय-स्पीडच.

क्लिक मोजायचे कसे?

रिबाउंड किंवा कॉम्प्रेशनचा स्क्रू (फिरवताना तो क्लिक-क्लिक करत सरकतो) घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि तिथून उलटे मोजा. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते. केटीएम ३९० ड्यूकच्या नव्या पिढीत पुढे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्हीला पाच-पाच क्लिक आहेत. एवढ्या थोड्या क्लिकमध्ये एकेकाचा फरक चांगला कळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावरून तशाच वेगाने जा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

खड्ड्यात फोर्क जोरात आदळतो. स्प्रिंग बदलू का?

आधी ब्रेकची सवय तपासा. खड्डा दिसल्यावर आपण पुढचा ब्रेक दाबतो आणि दाबलेलाच ठेवून खड्ड्यात शिरतो. ब्रेकने फोर्क आधीच बराच दबलेला असतो, खड्ड्याचा दणका झेलायला ट्रॅव्हल उरतच नाही. ब्रेक खड्ड्याच्या आधी लावा आणि चाक काठाला लागायच्या क्षणाआधी सोडा. फूटपेगवर भार टाकून सीटवरून जरासे उचला, हात सैल ठेवा. हे एवढं जमलं की पुष्कळांची तक्रार तिथेच संपते.

तरीही आदळत असेल तर फोर्कमधलं तेल बघा.

फोर्क ऑइल कधी बदलायचं? जाड तेल टाकलं तर चालेल का?

मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. आपल्याकडे मी दोन पावसाळे असं म्हणेन. निघालेलं तेल राखाडी, घाण वासाचं आणि पाण्यासारखं पातळ असतं. ते बघितल्यावर पुढच्या वेळी कोणी चालढकल करत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तेलाची जाडी डॅम्पिंग बदलते, तेही दबताना आणि वर येताना, दोन्हीकडे. साध्या फोर्कमध्ये १० डब्ल्यूच्या जागी १५ डब्ल्यू (आकडा मोठा तितकं तेल जाड) टाकलं तर डुलणं कमी होईल, पण सांध्यांवरचे दणके मनगटात जास्त लागतील. तेलाची पातळी मात्र वेगळं काम करते. तेलाच्या वर पाईपमध्ये जी हवा कोंडलेली असते तीही स्प्रिंगसारखी वागते. पातळी थोडी वाढवली की ती हवा लवकर दाबली जाते आणि फक्त शेवटच्या टप्प्यात फोर्क घट्ट होतो. नेहमीचा आराम तसाच राहून तळाला आदळणं कमी करायचं असेल तर जाड तेलाआधी पातळी बघा. मात्र ५ मिमीच्या पुढे एकदम जाऊ नका. फार वाढवली तर सीलवर दाब येतो.

पातळी स्प्रिंग काढून, पाईप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंत मिमीमध्ये मोजतात. दोन्ही पाईपमध्ये ती सारखीच हवी. इंजिन ऑइल ओतणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. आणि ब्रँड बदललात तर लक्षात ठेवा, दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू तेल सारख्याच जाडीचं असेल असं नाही.

ऑइल सील वारंवार का जातं?

चिखल आणि गंज. जूनमध्ये रस्त्यावरची माती पाईपवर उडते, वाळते आणि सीलखाली शिरते. वर्सोवा, माहीम, वरळीसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमध्ये उघड्यावर उभ्या गाड्यांच्या क्रोमवर खाऱ्या हवेने बारीक डाग पडतात. बोटाच्या नखाने पाईपवर वरून खाली घासून बघा. नख अडलं तर तो खड्डा प्रत्येक हालचालीत सीलची कड कापतोय. अशा पाईपवर नवं सील घालून उपयोग नाही, पाईपचंच काम करावं लागेल.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाईप पुसा. गळती नुकतीच सुरू झाली असेल तर डस्ट सील उचलून सीलच्या कडेखालून पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवा. कधी कधी नुसती अडकलेली माती निघते आणि गळती थांबते. पण तेल डिस्कपर्यंत पोचलं असेल तर गाडी चालवू नका. तेल प्यायलेले ब्रेक पॅड धुऊन वापरण्यासारखे नसतात, बदलावेच लागतात.

पावसाळ्यासाठी वेगळं सेटिंग ठेवावं का?

ॲडजस्टर असतील तर हो. दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन एखाद-दोन क्लिक आणि रिबाउंड एक क्लिक सैल करा. ओल्या रस्त्यावर आपण ब्रेक आणि वळणं हलकी घेतो, त्यामुळे टायरवर भार कमी येतो, आणि नरम सस्पेन्शन तो भार सावकाश देतं. पेव्हर ब्लॉक आणि मास्टिकचे ठिगळ ओले झाले की फार निसरडे होतात. तिथे टायर जमिनीला धरून ठेवणं एवढंच सस्पेन्शनचं काम. हवा मात्र कमी करू नका, पाणी बाजूला सारायला टायरला नेमून दिलेली हवा लागते.

वळणावर गाडी लवकर वळावी म्हणून फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवतात. करू का?

फोर्क ५ मिमी वर सरकवला की पुढचा भाग खाली येतो, फोर्कचा कोन उभा होतो, ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून टायर टेकतो तिथवरचं अंतर) कमी होतो आणि गाडी झटकन वळते. स्थिरताही तेवढीच जाते. मागचं टोक उंच केलं तरी हाच परिणाम. खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाने लोणावळ्याला जाणाऱ्याला हा मोह होतो, मी समजू शकतो. पण आधी सॅग लावा. मागे जास्त बसलेली गाडी वळायला आळस करते आणि तो आळस बहुतेक वेळा प्रीलोडच्या एका खाचेत जातो. तरीही करायचंच असेल तर दोन्ही बाजू सारख्या, एका वेळी ३ ते ५ मिमी, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड कुठे लागत नाही हे तपासून.

हायवेला ८० च्या पुढे हँडल थरथरतं.

सस्पेन्शन शेवटी बघा. क्रम असा : टायरची हवा, टायरची झीज, वाकलेला रिम, चाकाचं बॅलन्सिंग, कोनसेट, चिमट्याचे बुश, मागे लादलेलं वजन. खड्ड्यात आपटल्यानंतर सुरू झालं असेल तर थेट रिम. तोवर वेग कमी ठेवा.

गॅसचा डबा असलेले शॉकअप घेतले तर फरक पडेल का?

डब्यात काय आहे त्यावर अवलंबून. खऱ्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे सतत हलल्याने तेलाला फेस येत नाही. तेलाला फेस आला की डॅम्पिंग जातं. लांबच्या खराब रस्त्यावर हा फरक जाणवतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या काही शॉकअपवरचा डबा मात्र निव्वळ शोभेचा असतो. विकत घेण्याआधी दांडा हाताने दाबून बघा. दोन्ही शॉकअप सारख्याच गतीने परत यायला हवेत. नायट्रोजन भरलेला शॉकअप गॅरेजमध्ये कधी उघडू देऊ नका, त्यातला दाब जिवावर बेतू शकतो.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम : चांगले टायर, कोनसेट, फोर्क ऑइल आणि सील, आपल्या वजनाची स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी नवे शॉकअप.

स्कूटरला यातलं काही लागू होतं का?

हवा आणि मागची खाच, दोन्ही. ॲक्टिव्हा ६जी ला २०२० पासून पुढे टेलिस्कोपिक फोर्क आला आणि मागच्या शॉकअपला तीन खाचा आहेत. घरातली दोन माणसं वेगवेगळ्या वजनाची असतील तर जी जास्त चालवते तिच्यासाठी लावा. स्कूटरची चाकं लहान असल्याने खड्डा त्यांना मोठा वाटतो, म्हणून खड्ड्याआधी ब्रेक सोडण्याचा नियम इथे दुप्पट पाळा.

हे बदल कायद्यात बसतात का?

खाच, क्लिक, तेल बदलणं ही देखभाल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. तेव्हा गाडी कापून-जोडून उंच करणं किंवा दुसऱ्या गाडीचा फोर्क बसवणं टाळा. विम्याचा दावा करताना तेच आडवं येतं.

गॅरेजला गाडी देताना काय सांगू?

‘शॉकअप बघा जरा’ एवढं सांगू नका. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेगाला, एकटे की डबलसीट, पुढे की मागे आणि पहिल्या दणक्याला की लागोपाठच्या दणक्यांना, हे सांगा. सॅगचे आकडे कागदावर लिहून द्या. गाडी परत मिळाली की खाचा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते तिथेच, पैसे द्यायच्या आधी बघा.